राजारामपुरीतला सरांचा कादंबरीचा क्लास : जावं का, कुणी जावं

बरेच जण विचारतायत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो, म्हणजे प्रत्येकाला व्हॉट्सअपवर वेगळं सांगत बसायला नको. कोल्हापुरात राजारामपुरीत एक निवृत्त प्राध्यापक आणि कादंबरीकार लेखनाचा क्लास घेतात. क्लासला नाव नाही, बोर्ड नाही, इन्स्टा पेज नाही, आणि कुठं काही लिहिलंस तर माझं नाव घालू नकोस असं सरांनीच बजावलंय त्यामुळं मी पण घालत नाही. ज्याला खरंच जायचंय तो आजूबाजूच्या पुस्तकांच्या दुकानात विचारून पोचतो, मी पण तसाच पोचलो.

आधी रोखठोक माहिती. दर रविवारी सकाळी नऊ ते बारा, तीन महिन्यांची बॅच, फी साडेसहा हजार, दोन हप्त्यांत दिली तरी चालते. जागा म्हणजे सरांच्या घरावरचा हॉल, जिना अरुंद आणि चढा आहे, गुडघे दुखत असतील तर विचार करा. गाडी गल्लीत लावायची झाली तर रविवार असला तरी नऊच्या आत या, नंतर जागा मिळत नाही. बॅचला जास्तीत जास्त पंधरा जण घेतात. मधे चहा येतो, बरोबर कधी खारी कधी भडंग, फीमध्येच. सर्टिफिकेट नाही. "तुम्ही कादंबरीकार आहात" असं लिहून देणारं कुणीही या क्लासात नाही हे पहिल्याच दिवशी सांगतात.

हे मुद्दाम सांगतोय कारण मी याआधी एक ऑनलाइन कोर्स केला होता, दोन दिवसांत पुस्तक, तीस दिवसांत बेस्टसेलर असल्या जाहिरातीचा, नाव सोडून द्या, पैसे गेले आणि एक पीडीएफ मिळाली ज्यात लिहिलं होतं की रोज पहाटे उठा आणि स्वतःवर विश्वास ठेवा. मी शिरोलीला एका फौंड्रीत क्वालिटीला आहे भावा, पहाटे उठायचं मला कुणी शिकवायची गरज नाही, फर्स्ट शिफ्ट असली की उठतोच.

तर सर. तीसेक वर्षं कॉलेजात मराठी साहित्य शिकवलं, सुरुवातीची काही वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे आणि मे महिन्यात शून्य, मग परमनंट, शेवटी विभागप्रमुख होऊन रिटायर. या सगळ्यात चार कादंबऱ्या. तीन नोकरीत असताना आणि एक रिटायर झाल्यावर, आणि ते स्वतःच सांगतात की शेवटची सगळ्यात कच्ची झाली कारण वेळ फार होता. मी चारही वाचल्यात. दुसरी जबरदस्त आहे. तिसरी मला पूर्ण झेपली नाही, सरांना सांगितलं तर म्हणाले, "मला पण."

पहिल्या रविवारी लिहायला काहीच देत नाहीत. मी नवी वही आणि दोन पेनं घेऊन गेलेलो, तशीच परत आणली. पहिला रविवार म्हणजे निव्वळ नोकरीवरचं लेक्चर. हो, नोकरीवरचं. सरांनी फळ्यावर नावं लिहिली. ना. सी. फडके. वि. स. खांडेकर. शिवाजी सावंत. आनंद यादव. राजन गवस. कृष्णात खोत. आणि विचारलं, यांच्यात कॉमन काय? कुणी म्हणालं कोल्हापूर, कुणी म्हणालं पुरस्कार, एक ताई म्हणाल्या सगळे पुरुष आहेत. सर म्हणाले तिन्ही बरोबर पण मला हवं ते उत्तर वेगळं आहे, हे सगळे मास्तर. कुणी शाळेत कुणी कॉलेजात, पण पगार खडूचा.

आणि मग एकेकाची नोकरी उलगडून सांगितली, मला वाटतं साडेसहा हजारांतले निम्मे त्या तीन तासांतच फिटले. फडके राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला होते, दोन दशकांहून जास्त काळ, आणि बरोबरीने कादंबऱ्यांवर कादंबऱ्या. त्यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' काढलं, म्हणजे कथा-कादंबरी कशी रचायची, कथानक कसं बांधायचं, पात्रं कशी उभी करायची याचं रीतसर पुस्तक. आता गंमत बघा, अमेरिकेत आयोवा विद्यापीठाची जी जगप्रसिद्ध लेखन कार्यशाळा म्हणतात ती सुरू झाली १९३६ ला. इंग्लंडात ईस्ट अँग्लिया विद्यापीठात क्रिएटिव्ह रायटिंगचा एमए आला १९७० ला. म्हणजे आयोवाची ती कार्यशाळा सुरू व्हायच्या पाच वर्षं आधी आपल्या कोल्हापुरातला एक प्रोफेसर लेखन शिकवता येतं असं छापून मोकळा झाला होता. सर फडक्यांचे भक्त वगैरे अजिबात नाहीत, उलट त्यांच्या कादंबऱ्यांतल्या गुळगुळीत प्रेमप्रकरणांची भरपूर टिंगल करतात, पण म्हणतात की माणसानं कारागिरी लपवली नाही, उघडी करून दाखवली, हे मोठं काम आहे. मी एवढी वर्षं या गावात राहतो, राजाराम कॉलेजवरनं रोज जातो म्हटलं तरी चालेल, मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

खांडेकरांचं उलटं. ते १९२० ला शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत तिथंच. समुद्राकाठचं खेडं, साधी शाळा, आणि त्या काळात लिहिलेल्या कादंबऱ्यांनी अख्खा महाराष्ट्र हलवला. मग कोल्हापुरात आले ते सिनेमाच्या पटकथांच्या निमित्तानं. ज्ञानपीठ मिळालं १९७४ चं, 'ययाति'साठी, मराठीतलं पहिलंच. फडके विरुद्ध खांडेकर म्हणजे कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं, पण सरांचं म्हणणं त्या वादाकडं एकदा नोकरीच्या बाजूनं पण बघा. एक कॉलेजात तरुण पोरापोरींना शिकवणारा प्रोफेसर, दुसरा खेड्यातल्या गरीब पोरांचा मास्तर, समोर रोज कोण बसतं त्यावर तुम्ही काय लिहिता हे थोडं तरी ठरतंच की. मला हे पूर्ण पटलेलं नाही, खांडेकर पुण्यात प्रोफेसर झाले असते तरी तसेच लिहिले असते असं मला वाटतं, पण विचार करायला लावणारं आहे हे नक्की.

शिवाजी सावंत आजऱ्याचे, कोल्हापुरात राजाराम हायस्कूलला शिक्षक होते आणि 'मृत्युंजय' आली १९६७ ला, तेव्हा त्यांचं वय सत्तावीस. हे ऐकल्यावर बॅचमधली पंचविशीतली दोन पोरं एकदम गप्प झाली. आनंद यादव कागलचे, शेतात राबून शिकलेले, पुढं पुणे विद्यापीठात मराठी शिकवलं, 'झोंबी'ला १९९० चा साहित्य अकादमी. राजन गवस गारगोटीच्या कॉलेजात मराठीचे प्राध्यापक होते, 'तणकट'ला २००१ चा. कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला २०२३ चा, ते पण शिक्षक. अपवाद म्हणून सरांनी खाली रेघ मारून रणजित देसाईंचं नाव लिहिलं, कोवाडचे, घरची जमीन होती, हजेरीपटावर सही करायला जायची गरज नव्हती. "तुमच्यापैकी कुणाकडं कोवाडसारखी जमीन आहे?" असं विचारलं. एका शिरोळच्या पोरानं हात वर केला आणि लगेच खाली घेतला, म्हणाला तीन भावांत आहे.

आता हिशोब. हा भाग ज्यांना नोकरी सोडून पूर्णवेळ लेखक व्हायचंय त्यांनी नीट वाचा. सरांनी फळ्यावर मांडला. धरा पुस्तकाची किंमत ३०० रुपये. धरा हजाराची आवृत्ती, आणि आता हजार पण कुणी सहजासहजी काढत नाही. रॉयल्टी दहा टक्के धरा. म्हणजे एका प्रतीमागं ३० रुपये, सगळी आवृत्ती खपली तर ३०,०००. ती खपायला समजा तीन वर्षं लागली तर वर्षाला १०,०००, महिन्याला साडेआठशेच्या आत. लिहायला चार वर्षं लागली असतील तर ती यात धरलेलीच नाहीत. फळा तसाच ठेवून सर चहा घ्यायला गेले. आम्ही सगळे त्या साडेआठशेकडं बघत भडंग खात बसलो. माझ्या शेजारच्या सिस्टर, सरकारी दवाखान्यात आहेत, हळूच म्हणाल्या एका नाइटचे पण होत नाहीत हो.

म्हणून सरांचं पहिलं सूत्र असं की नोकरी कादंबरीची शत्रू नाही, नोकरी हीच कादंबरीची सावकार आहे, आणि सावकार व्याज घेतोच, ते किती घेतो तेवढं बघायचं. शिकवण्याच्या नोकरीचं व्याज काय, ते स्वतःच्या आयुष्यावरनं सांगतात आणि तिथं क्लासला खरी धार येते. बाहेरच्याला वाटतं प्राध्यापकाला सुट्ट्याच सुट्ट्या, मे महिना मोकळा, लिहायला अजून काय पाहिजे. सर म्हणाले मे महिना म्हणजे पेपर तपासणी. शेकड्यांनी उत्तरपत्रिका, सगळ्यांत एकाच गाईडमधली तीच ओळ, "प्रस्तुत कादंबरीत लेखकाने ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण केले आहे." दिवसभर ती ओळ वाचल्यावर रात्री स्वतःची कादंबरी उघडली की हात आपोआप "प्रस्तुत" लिहायला लागतो. हसू नका म्हणाले, पहिल्या खर्ड्यात दोन ठिकाणी सापडलं होतं.

आणि एक किस्सा तर कहर आहे. त्यांची दुसरी कादंबरी काही वर्षं अभ्यासक्रमाला लागली होती. बाजारात तिचं गाईड आलं. गाईडवाल्यानं शेवटाचा अर्थ पार उलटा लावलेला, नायिका घर सोडून जाते ते त्यागापोटी असं लिहिलं होतं, कादंबरीत ती वैतागून जाते. सर परीक्षक. समोर गठ्ठ्यात पोरांनी "त्याग" लिहिलंय आणि सगळ्यांनी सारखंच लिहिलंय म्हटल्यावर मार्क द्यावेच लागतात, कारण पोरांची काय चूक. दहापैकी सहा, सात, सहा, सात. एकाच पोरीनं लिहिलं होतं की ती वैतागून गेली आणि लेखकानं हे नीट दाखवलं नाही. तिला नऊ दिले. "आणि तिचं बरोबर होतं, मी नीट दाखवलं नव्हतं." पुढच्या आवृत्तीत त्यांनी त्या प्रकरणात दोन पानं वाढवली. मी मुद्दाम दोन्ही आवृत्त्या मिळवून बघितल्या, खरंच वाढवलीयत, आणि चांगली आहेत.

नॅकच्या, म्हणजे कॉलेजला दर्जा द्यायला समिती येते त्या वेळचे किस्से पण आहेत, कादंबरी कुठल्या रकान्यात भरायची यावर ऑफिसात झालेली चर्चा वगैरे, ते तुम्ही तिथं जाऊनच ऐका, लिहिण्यात मजा नाही.

मराठीत हे प्राध्यापकी आयुष्य आतून बघायचं असेल तर सर भालचंद्र नेमाड्यांच्या 'बिढार', 'जरीला', 'झूल' वाचायला लावतात. स्वतः नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक, बऱ्याच कॉलेजांत आणि विद्यापीठांत शिकवलेले, आणि या कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील पण इंग्रजी शिकवत एका कॉलेजातनं दुसऱ्या कॉलेजात फिरणारा. खोली शोधणं, स्टाफरूममधलं राजकारण, संस्थाचालक, सगळं त्यात आहे. सर म्हणतात की वैतागाच्या नोकरीतनं माणूस सुटू शकत नसेल तर निदान तिच्यावर लिहावं तरी. 'झूल' १९७९ ची आणि त्यानंतरची 'हिंदू' थेट २०१० ला. मधली एकतीस वर्षं. सरांनी दोन्ही सालं फळ्यावर लिहून मधे नुसती आडवी रेघ ओढली आणि म्हणाले, ज्यांना वर्षाला एक कादंबरी हवी आहे त्यांनी या रेघेकडं बघावं.

उलट बाजू पण दाखवतात. रंगनाथ पठारे आणि श्याम मनोहर, दोघंही फिजिक्सचे प्राध्यापक. सरांना याचा उघड हेवा वाटतो. साहित्य शिकवणाऱ्याच्या कानात दिवसभर दुसऱ्याची वाक्यं असतात, घरी येऊन स्वतःचं वाक्य ऐकू यायला तास-दोन तास जातात, फिजिक्सवाल्याला तो त्रास नाही, तो कॉलेजातनं येतो तेव्हा भाषा कोरी असते. माझ्या डोक्यात लगेच आलं की मग फौंड्रीवाल्याची तर अजूनच कोरी असणार, पण बोललो नाही. आणि रशियातनं अमेरिकेत गेलेला कादंबरीकार नाबोकोव्ह. तिथं कॉर्नेल विद्यापीठात साहित्य शिकवायचा, त्याची 'लोलिता' कादंबरी तिकडं १९५८ ला आली, धो धो खपली, आणि त्यानं १९५९ ला नोकरी सोडली ती सोडलीच. सर म्हणाले, "बघा, पैसे आल्यावर पहिलं काय केलं? शिकवणं बंद केलं. आणि मी रिटायर होऊन पेन्शन घेतोय आणि तुमच्यापुढं बसलोय." का बसलाय सर, असं त्या सिस्टरनीच विचारलं. सरांनी उत्तर दिलं नाही, खडू शोधत राहिले. माझा अंदाज असा की त्यांना कॉलेजात जे शिकवायचं होतं ते हेच, तिथं अभ्यासक्रमात ते नव्हतं. तिथं तयार पुस्तक फोडून दाखवायचं काम होतं, इथं न झालेलं पुस्तक बांधताना बघायला मिळतं.

आता प्रत्यक्ष लेखनाचं. इथं क्लास थोडा खालीवर होतो. काही रविवार एकदम भारी आणि काही नुसते गप्पांत जातात.

भारी कसे ते सांगतो. स्वाध्याय होता, तुम्हाला सगळ्यात जास्त माहीत असलेली जागा एका पानात लिहा. शिरोळच्या त्या पोरानं गुऱ्हाळ लिहिलं. घरचं गुऱ्हाळ, लहानपणापासून तिथंच वाढलेला. वाचून दाखवलं. सोनेरी गूळ, गोड सुगंध, आजोबांचे कष्टाळू हात, हिवाळ्याची प्रसन्न सकाळ. आम्ही टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, छान आहे, हे मी पण लिहू शकलो असतो आणि मी गुऱ्हाळावर दोनदाच गेलोय. मग प्रश्न सुरू झाले. काहिलीत रस उकळतोय, गूळ झाला हे गुळव्याला कळतं कसं? पोरगा म्हणाला, चमच्यानं थोडा काढून गार पाण्यात टाकतात, बोटांनी गोळी वळली की झाला. पाणी कशात असतं? जर्मनच्या पातेल्यात. ते पातेलं कुठं ठेवलेलं असतं? गोळी वळली नाही तर गुळव्या काय बोलतो? कुणाला बोलतो? पोरगा म्हणाला चुलवाणात चिपाड घालणाऱ्याला, जाळ कमी पडला म्हणून शिव्या घालतो. कुठली शिवी? पोरगा लाजला. सर म्हणाले ती लिही. आणि मग शेवटचा प्रश्न, गोळी एक मिनिट उशिरा बघितली तर काय होतं? पोरगा म्हणाला काहील करपती, गूळ काळा पडतो, दर मिळत नाही, आमच्या आज्जानं एकदा यावरनं गुळव्याला कामावरनं काढला आणि तो आमच्याच भावकीतला होता, दोन घरं वीस वर्षं बोलत नव्हती.

सगळी खोली गार. कादंबरी तिथं होती आणि पोरगा सुगंध लिहीत बसला होता. पुढच्या रविवारी त्यानं जे पान आणलं त्यात आजोबांचे हात नव्हते, पातेलं होतं. मला ते अजून पाठ आहे पण त्याचं आहे म्हणून इथं टाकत नाही.

महापुराचं पण असंच झालं. २०१९ चा पूर बॅचमधल्या जवळजवळ सगळ्यांनी कुठं ना कुठं घातला होता, साहजिक आहे, कोल्हापुरात बसून लिहिताय तर पंचगंगा घरात येणारच. सरांनी नियम केला, पूर लिहा पण पाणी हा शब्द वापरायचा नाही. सुरुवातीला सगळे चिडले. मग एकीनं पूर ओसरल्यावर भिंतीवरची गाळाची रेघ आणि त्या रेघेच्या वर राहिलेलं एकच कॅलेंडर लिहिलं. दुसऱ्यानं भिजलेली सोसायटीची पासबुकं गच्चीवर वाळत घातलेली लिहिली. नियम चांगला होता.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तपासणी. तुम्ही दर आठवड्याला दोन पानं द्यायची, सर पेन्सिलीनं तपासून परत देतात. वर्षानुवर्षं उत्तरपत्रिका तपासलेला माणूस आहे, त्याच्या नजरेतनं काही सुटत नाही, पण मार्क देत नाहीत, नुसत्या खुणा. समासात उभी रेघ म्हणजे इथं मला कंटाळा आला. गोल म्हणजे हा शब्द तुमचा नाही, कुठून तरी आणलाय. आणि प्रश्नचिन्ह म्हणजे इथं काहीतरी आहे, तुम्ही पळून गेलात. आमच्याकडं कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, बाहेरनं एकदम साफ दिसतं, रंग मारून देखणं पण, आणि मशीनवर चढवून एक कट मारला की आतला ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, उघडा पडतो. सरांची पेन्सिल म्हणजे तो पहिला कट. माझ्या पहिल्या दोन पानांवर सतरा गोल होते. "विषण्ण" शब्दाभोवती गोल काढून बाजूला लिहिलं होतं, "तुमच्या शॉप फ्लोअरवर कुणी विषण्ण असतो का? काय असतो?" मी बराच विचार केला. आमच्याकडं माणूस डोकं धरून बसतो. तेच लिहिलं.

या एका गोष्टीसाठी मी फी परत भरीन. मराठीत लिहिणाऱ्याला वाचक मिळतो, टाळ्या मिळतात, फेसबुकवर अप्रतिम मिळतं, पण ओळ न ओळ वाचून कुठं कंटाळा आला ते सांगणारा माणूस मिळत नाही. घरचे सांगत नाहीत, मित्र वाचतच नाहीत, प्रकाशकाकडनं बऱ्याचदा उत्तरच येत नाही.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक केलं तर तुम्ही म्हणाल शिष्य झाला.

एक तर सर भरकटतात. गुंतले की गुंतले. एका रविवारी संवादलेखन होतं ते तासभर तमाशाच्या बतावणीवर गेलं. ऐकायला भारी होतं पण संवाद राहिले ते राहिलेच. वेळापत्रक म्हणून जो कागद देतात तो फक्त घडी घालून ठेवण्यापुरता.

दुसरं, रहस्यकथा, भयकथा, सायन्स फिक्शन यांच्याबद्दल सरांची आवड शून्य आहे. वाईट बोलत नाहीत पण चेहरा सांगतो. बॅचमध्ये एक मुलगा मस्त भयकथा लिहायचा, त्याच्या पानांवर खुणाच कमी यायच्या, ते कौतुकामुळं नव्हतं, लक्षच कमी होतं असं मला वाटलं. तो मधेच सोडून गेला. हे बरोबर झालं नाही.

तिसरं, प्रकाशनाबद्दल मार्गदर्शन जवळपास नाही. हस्तलिखित कसं पाठवायचं, करारात काय बघायचं, ई-बुक, ऑडिओबुक, यातलं काहीच नाही. ऑडिओ ॲपवर मराठी कथा लिहून लोक पैसे मिळवायला लागलेत, त्यावर विचारलं तर सर म्हणाले तुम्हीच मला सांगा ते काय असतं. प्रामाणिक आहे पण साडेसहा हजारांत एक सेशन कुणा संपादकाला बोलवून ठेवायला हरकत नव्हती.

चौथं, ग्रामीण म्हटलं की सर खुलतात आणि शहरी म्हटलं की थोडे बाजूला होतात. माझी कादंबरी एमआयडीसीतली आहे, पाळ्या, कॉन्ट्रॅक्ट लेबर, युनियन, पीपीएपीची म्हणजे गिऱ्हाईकाकडनं पार्ट मंजूर करून घ्यायची कागदपत्रं. सरांना त्यातलं तांत्रिक काही माहीत नव्हतं, पण एक मान्य करायला पाहिजे, त्यांनी माहीत असल्याचा आव आणला नाही. मला फळ्यावर मोल्डिंग बॉक्सचं चित्र काढायला लावलं आणि वीस मिनिटं कोप, ड्रॅग, कोअर, रनर, रायझर असे साच्याचे सगळे भाग समजून घेतले, प्रश्न विचारून विचारून. नंतर म्हणाले हे सगळं कादंबरीत येऊ दे, समजावून सांगू नकोस, वाचक शिकेल. तिथं मला कळलं की हा माणूस शिकवण्यात का टिकला.

एक रविवार क्लास बाहेर असतो, शिवाजी विद्यापीठात खांडेकरांचं स्मृतिसंग्रहालय आहे तिथं नेतात. कोल्हापूरकरांनी क्लास केला नाही तरी हे बघून या, निम्म्या गावाला माहीतच नाही. आणि सर करवीर नगर वाचन मंदिराचं सभासद व्हायला अक्षरशः भाग पाडतात. १८५० चं वाचनालय आहे, पावती दाखवल्याशिवाय दुसरा हप्ता घेत नाहीत, असली अट घालणारा क्लासवाला मी तरी दुसरा बघितला नाही.

तर जावं का? तुमच्याकडं निम्मं-अर्धं लिहिलेलं काहीतरी पडून असेल, निदान पन्नासेक पानं, तर डोळे झाकून जा. काहीच लिहिलेलं नसेल आणि लिहायला सुरुवात व्हावी म्हणून जात असाल तर आधी घरी महिनाभर लिहा, नाहीतर पेन्सिल मारायला सरांकडं काही नसेल आणि तुम्ही नुसते किस्से ऐकून याल. किस्से पण वाईट नाहीत म्हणा. साहित्य शिकवणाऱ्या, नेट-सेट होऊन तासिकेवर राबणाऱ्या आणि गुपचूप लिहिणाऱ्या पोरापोरींनी तर जायलाच पाहिजे, त्या नोकरीचा आणि कादंबरीचा संसार कसा चालतो हे एवढं उघडं कुणी सांगणार नाही. ज्यांना पुस्तक छापून आणायचं एवढंच ध्येय आहे त्यांनी पैसे वाचवावेत आणि डीटीपीवाल्याला द्यावेत. पाचपैकी चार. एक कापला तो त्या भयकथावाल्या पोरासाठी.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. मेसेज करू नका, सर उत्तर देत नाहीत, दुपारी चारनंतर फोन करा. आणि पानं छापूनच न्या, चौदाचा फाँट आणि दोन ओळींत भरपूर अंतर ठेवून, मोबाईल पुढं केला तर तसाच परत देतात.